घटकाभर चालणारी गाडी

मराठीत आगगाडीलाही गाडी म्हणतात आणि स्वतःच्या स्कूटरलाही गाडीच म्हणतात. त्यामुळे मुंबईच्या उपनगरांत राहणारा गृहस्थ सकाळी घाईघाईने चहा घेताना ‘गाडी चुकेल’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात नेमकी कोणती गाडी असते हे त्याच्या घरच्यांनाच ठाऊक. बहुधा दोन्ही असतात. आगगाडी चुकण्याचे भय असते ते स्कूटरला जागा मिळणार नाही म्हणून. आणि स्कूटरची जागा गाठण्याची धडपड असते ती आगगाडीसाठी. एक गाडी पकडावयाची तर आधी दुसरी कोठे तरी सोडावी लागते. ती कोठे सोडावी, हा उपनगरी माणसाच्या दिवसातील पहिला प्रश्न होय. आगगाडीतील गर्दीची वर्णने पुष्कळ झाली आहेत. त्या गर्दीत शिरण्यापूर्वीचा जो पाव तास स्थानकाच्या भोवती घिरट्या घालण्यात जातो, त्याच्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

उदाहरणादाखल डोंबिवलीच घ्यावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हे गाव सुमारे ४८ किलोमीटरवर आहे, आणि मध्य रेल्वेच्या अत्यंत गजबजलेल्या उपनगरी स्थानकांत त्याची गणना होते. लोहमार्गाने गावाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत. पूर्वेस फडके रोड, केळकर रोड, इंदिरा चौक, बाजीप्रभू चौक. पश्चिमेस महात्मा फुले रोड, गुप्ते रोड, दीनदयाळ रोड. ही नावे ज्याच्या कानांवरून गेली नसतील त्यानेही चित्र सहज डोळ्यांपुढे आणावे, कारण ठाणे, कल्याण, बदलापूर, विरार, पनवेल, कोठेही ते थोडेफार असेच आहे. सकाळी सात वाजता या रस्त्यांच्या कडेला गाड्यांची एक रांग उभी असते. साडेसातपर्यंत तिच्या पाठीस दुसरी लागते. आठ वाजता आलेला माणूस दोन स्कूटरींच्या मधल्या फटीकडे पाहून आपल्या हँडलाची रुंदी मनाशी मोजू लागतो. साडेआठ वाजता आलेला मोजतही नाही. तो सरळ पुढच्या गल्लीत शिरतो. त्या गल्लीतील इमारतीच्या फाटकावर ‘फक्त सभासदांसाठी’ असे लिहिलेले असते, दुकानापुढे सिमेंटच्या कुंड्या मांडलेल्या असतात, आणि एखाद्या भिंतीवर ‘येथे गाडी लावल्यास चाकातील हवा सोडण्यात येईल’ हा इशारा मोठ्या अक्षरांत रंगविलेला असतो. हा इशारा कायद्यास धरून आहे की नाही याचा विचार करावयास त्या वेळी कोणासही सवड नसते. फलाटावरील ध्वनिक्षेपकाचा आवाज गल्लीपर्यंत ऐकू येत असतो, आणि आपली गाडी कोणत्या फलाटावर लागत आहे हेच तेवढे त्यातून ऐकावयाचे असते.

ही परिस्थिती एका दिवसात उद्भवलेली नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. ज्यांनी हा मार्ग आखला त्यांच्या मनात मालाची वाहतूक होती, घाटापलीकडचा मुलूख होता. सकाळ-संध्याकाळ लाखो माणसांनी कामासाठी जावे-यावे ही कल्पनाही त्यांना शिवली नसेल. स्थानकाला दार होते आणि दारापुढे थोडे अंगण होते. त्यात दोन-चार टांगे वा बैलगाड्या मावल्या की काम भागत असे. पुढे त्या अंगणाभोवती बाजार वसला आणि बाजाराभोवती घरे उभी राहिली. ही घरे पायी चालण्याच्या हिशेबाने बांधलेली होती. डोंबिवलीतील जुन्या मध्यमवर्गीयाने घर घेताना एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे स्थानकापासूनचे अंतर. ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ हे जाहिरातीतील वाक्य त्या पिढीला तोंडपाठ होते. ती पाच मिनिटे कोणाच्या पायांनी मोजावयाची एवढे मात्र जाहिरातीत लिहिलेले नसे.

नंतर पाच मिनिटांची जागा संपली. दहा मिनिटांची संपली. आज नव्या इमारती उभ्या राहतात त्या स्थानकापासून तीन, चार, पाच किलोमीटरवर. तेथे पाणी येते, वीज येते, खालच्या मजल्यावर गाडी उभी करण्याची सोयही असते. पण स्थानकाकडे नेणारी बस वेळेवर येत नाही, किंवा येतच नाही. सकाळी वाटणीची रिक्षा मिळते. रात्री नऊ वाजता स्थानकातून बाहेर पडल्यावर त्याच रिक्षेसाठी जी रांग लागते, तिने माणसास स्वतःची दुचाकी घ्यावयास लावले. हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. उपनगरातील दुचाकी ही सकाळच्या घाईतून जन्मलेली नसून रात्रीच्या कंटाळ्यातून जन्मलेली आहे. अकरा तास घराबाहेर काढलेल्या माणसास अखेरच्या तीन किलोमीटरसाठी आणखी अर्धा तास पावसात उभे राहावयाचे नसते. त्याला चैनी म्हणून नावे ठेवणाऱ्याने एकदा त्या रांगेत उभे राहून पाहावे.

तथापि या दुचाकीचा दिवसभराचा हिशेब मांडला तर तो चमत्कारिक दिसतो. घर ते स्थानक बारा मिनिटे आणि स्थानक ते घर बारा मिनिटे, अशी ती दिवसाकाठी चोवीस मिनिटे चालते. आपल्या जुन्या कालगणनेत चोवीस मिनिटांची एक घटका होते आणि अशा साठ घटकांची एक अहोरात्र होते. म्हणजे ही गाडी अक्षरशः घटकाभर चालते आणि एकोणसाठ घटका उभी असते. त्यांपैकी तीसएक घटका ती घराखाली असते. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. उरलेल्या अठ्ठावीस-एकोणतीस घटका, म्हणजे सकाळी साडेसात-आठपासून सायंकाळी सात-साडेसातपर्यंत, ती गावातील अत्यंत वर्दळीच्या जमिनीवर उभी राहते. चालणाऱ्या गाडीला रस्ता लागतो हे सर्वांना दिसते. उभ्या गाडीलाही जमीन लागते, आणि ती दिवसभर लागते, हे मात्र सहसा लक्षात येत नाही.

ही जमीन किती लागेल? समजा, सकाळच्या तीन तासांत चार-चार मिनिटांनी एक अशा पंचेचाळीस गाड्या एका स्थानकावरून सुटल्या, आणि प्रत्येकीत तेथून हजार माणसे चढली. त्यांतील दहांपैकी एकानेच दुचाकी आणली असे धरले तरी साडेचार हजार दुचाकी झाल्या. एका दुचाकीस, ती आत नेण्या-आणण्याच्या वाटेसह, निदान तीन चौरस मीटर जागा हवी. म्हणजे साडेतेरा हजार चौरस मीटर, सव्वातीन एकरांहून थोडी अधिक. त्याच माणसांनी मोटारी आणल्या तर प्रत्येक मोटारीस वाटेसह तेवीस चौरस मीटरचा हिशेब धरावा लागतो, आणि हा आकडा पंचवीस एकरांच्या वर जातो. जेथे रिक्षा वळवावयास जागा नाही तेथे पंचवीस एकर आणावयाचे कोठून? सव्वातीन एकरही नाहीतच. यावरून एवढे उघड होते की, स्थानकापाशी प्रत्येक येणाऱ्याच्या वाहनाची सोय होईल असे जो कोणी सांगतो त्याने बेरीज केलेली नसते. मजल्यांवर मजले चढविले तरी वर जाण्याची आणि खाली येण्याची वाट त्याच अरुंद रस्त्यावर उघडते.

जे थोडे अधिकृत वाहनतळ असतात ते बहुधा निविदा काढून ठेकेदारास दिलेले असतात. त्यांचा कारभार पाहण्यासारखा असतो. पाहणाऱ्यास ती नुसती लोखंडाची गर्दी वाटते. पण तिच्यात एक शिस्त असते, आणि ती शिस्त तेथल्या रखवालदाराच्या डोक्यात असते. ‘काका, हँडल लॉक करू नका’, ‘ताई, न्यूट्रलवर ठेवा’ ही त्याची दोन वाक्ये दिवसभर चालू असतात. कारण उघड आहे. गाड्या सरकविता आल्या तरच शंभरांच्या जागेत दीडशे बसतात. पण मग सर्वांत आधी आलेली गाडी सर्वांत आत जाते, आणि सायंकाळी तिचा मालक सर्वांत आधी परत आला तर तिच्यापुढील दहा गाड्या हलवाव्या लागतात. म्हणून जाणता रखवालदार गाडीच्या क्रमांकापेक्षा माणसाची वेळ लक्षात ठेवतो. बँकेतला सहा वाजता येतो, रुग्णालयातली बाई चार वाजता येते, कारखान्यातला रात्री दहाशिवाय येत नाही. दहावाल्याची गाडी भिंतीला आणि चारवालीची दाराशी. ही विद्या त्याला कोणी शिकविलेली नाही आणि तिचा उल्लेख निविदेतही नसतो. नव्या ठेकेदाराने जुना माणूस बदलला की आठवडाभर रोज सायंकाळी तेथे भांडणे होतात, ती याच कारणाने.

पावसाळ्यात या तळांचे रूप पालटते. प्रत्येक बैठकीवर प्लास्टिकची पिशवी ताणून बसविलेली असते आणि आरशांवर रेनकोट लोंबत असतात. कोपऱ्यात काही गाड्या अशाही असतात की ज्यांच्यावरील धूळ पावसानेही जात नाही. महिनोन् महिने त्यांस न्यावयास कोणी आलेले नसते. मालकाची बदली झाली असेल, की तो आजारी पडला असेल, की गाडीच मुळात चोरीची असेल, कोण जाणे. जागा मात्र अडलेली राहते. चिठ्ठीवर छापलेले असते की वाहन मालकाच्या जबाबदारीवर ठेवले आहे. पैसे घेतले ते कशाबद्दल, असा प्रश्न क्वचित कोणी विचारतो, आणि त्याच्या मागचा माणूस त्याला पुढे सरकावयास सांगतो.

आता या सर्व व्यवहाराचा जो नियम आहे त्याकडे वळावयास हवे. ‘जो प्रथम येईल त्यास जागा’ असा तो नियम आहे. वरवर पाहता तो अत्यंत न्याय्य दिसतो. त्यात वशिला नाही, जात नाही, हुद्दा नाही. पण प्रथम कोण येऊ शकतो? ज्याचा डबा दुसऱ्या कोणी भरून ठेवला आहे तो. ज्याच्या मुलाला शाळेच्या बसपर्यंत दुसरे कोणी तरी पोहोचविते तो. ज्या बाईला स्वतः डबे भरून, सासूबाईंची औषधे काढून ठेवून, मुलीची वेणी घालून मग निघावयाचे असते ती साडेआठच्या आत स्थानकावर येऊ शकत नाही, आणि साडेआठला जागा संपलेली असते. दुपारच्या पाळीस जाणारी परिचारिका तर या शर्यतीत धरलेलीच नाही. ती बारा वाजता येते तेव्हा स्थानकापासून अर्ध्या किलोमीटरपर्यंत गाडी टेकविण्यास कोठेही जागा नसते. ती कोठे तरी लांब, एखाद्या आडगल्लीत गाडी लावते, आणि रात्री अकरा वाजता तिला एकटीने त्याच आडगल्लीपर्यंत चालत जावे लागते. जी सकाळी लवकर येते ती गाडी सायंकाळी उजेडात, माणसांच्या वर्दळीत परत नेली जाते. जिला रात्री उजेडाची गरज असते ती गाडी अंधारात उभी असते. निःपक्षपाती नियमाचा पक्षपात तो हाच.

शिवाय जागेसाठी माणसे लवकर येऊ लागली की शर्यत आणखी लवकर सुरू होते. आगगाडी आठ वाजताची असली तरी घर साडेसातच्या ऐवजी सातला सोडावे लागते. तो अर्धा तास ना कार्यालयाच्या उपयोगी पडतो ना घराच्या. तो झोपेतून काढलेला असतो, आणि फलाटावर उभे राहून खर्च होतो.

कायद्याची दृष्टी या बाबतीत कशी आहे हे पाहणे उद्बोधक ठरेल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ अन्वये, सार्वजनिक जागी दहा तास वा त्याहून अधिक वेळ बेवारस सोडलेले किंवा लक्ष न देता उभे ठेवलेले वाहन हलविण्याचा वा जखडून ठेवण्याचा आदेश गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यास देता येतो. दहा तास! मुंबईस नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाची गाडी रोजच अकरा तास उभी असते. म्हणजे रस्त्याच्या कडेला, जेथे मनाईची पाटी नाही अशा जागीही गाडी लावून जो प्रामाणिकपणे कामावर गेला, तो या कलमाच्या शब्दांप्रमाणे सायंकाळी सहाच्या सुमारास, अजून आगगाडीत असतानाच, बेवारस गाडीच्या मालकाच्या शेजारी जाऊन बसतो. व्यवहारात एवढी कडक मोजणी कोणी करीत नाही. पण ज्याने हे कलम लिहिले त्याच्या डोळ्यांपुढे उपनगरी प्रवासी नव्हता, एवढे खरे.

मग सम आणि विषम तारखांच्या पाट्या आहेत. आज रस्त्याच्या या बाजूस गाडी लावावी, उद्या त्या बाजूस. दिवसा खरेदीस येणाऱ्यास हा नियम सोपा. कामावर रात्र काढावी लागली तर मात्र माणूस बसल्या जागी असताना तारीख बदलते आणि काल नियमात असलेली गाडी आज नियमाबाहेर जाते. उचलगाडीवरचा माणूस कर्ण्यावरून क्रमांक पुकारतो हे खरे. पण ज्याचा क्रमांक तो पुकारतो आहे तो त्या वेळी दादरला जिना चढत असतो.

एका गोष्टीचा उल्लेख येथे केला पाहिजे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतील त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्यू पावली. त्यानंतर स्थानकांच्या परिसरात माणसांना चालावयास वाट हवी, हा विषय ऐरणीवर आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांस बसता येणार नाही असा निर्णय दिला. वाट मोकळी हवी हे रास्तच. पण ज्या दीडशे मीटरमधून भाजीवाली उठली तेथेच दुसऱ्या दिवशी चार दुचाकी उभ्या राहिल्या तर चालणाऱ्याच्या पदरात काय पडले? भाजीवालीची टोपली दुचाकीहून लहान असते आणि सांगितले तर ती बाजूला घेता येते. दुचाकीला सांगता येत नाही. तिचा मालक पन्नास किलोमीटरवर असतो. स्थानकावर येणाऱ्यांत सर्वांत मोठी संख्या पायी येणाऱ्यांची असते, आणि त्या अंगणावरचा पहिला हक्क त्यांचाच आहे. आज प्रत्यक्षात तेच गाड्यांच्या रांगेबाहेर, धावत्या रिक्षांच्या चाकांशी अंग चोरून चालतात.

अन्य ठिकाणी या प्रश्नास कशी उत्तरे शोधली गेली, हेही थोडक्यात पाहावे. कलकत्त्याच्या उपनगरी मार्गांवरील अनेक स्थानकांजवळ घरमालकांनी आपली अंगणे आणि पडव्या सायकली ठेवण्यास दिल्या आहेत. तेथील भाषेत त्यास गॅरेज म्हणतात. गावातून सायकलीने यावयाचे, ओळखीच्या गॅरेजात ती ठेवावयाची आणि आगगाडी धरावयाची, हा तेथील शिरस्ता आहे. शासनाच्या मदतीवाचून लोकांनी काढलेली ती वाट आहे, आणि घरमालकाच्या घरात त्यातून चार पैसे येतात. जपानात स्थानकांपुढे सायकलींचे ढीग साचू लागले तेव्हा १९८० साली त्यासाठी स्वतंत्र कायदाच करण्यात आला, आणि तळाच्या जागेसाठी रेल्वे कंपन्यांनीही स्थानिक संस्थांस साहाय्य करावे असे त्यात सांगितले गेले. आपल्याकडे प्रवासी रेल्वेचा, रस्ता नगरपालिकेचा आणि शिट्टी पोलिसांची, अशी वाटणी असल्याने प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे स्थानकाच्या खाली साडेबारा हजार सायकलींचा तळ २०१९ मध्ये पूर्ण झाला. तेथे पहिले चोवीस तास काहीही आकार घेत नाहीत, त्यापुढे घेतात. रोज येणाऱ्यास मोकळीक आणि जागा अडवून बसणाऱ्यास भुर्दंड, असा त्यातील विचार आहे. कोपऱ्यातील धुळीच्या गाड्यांचे उत्तर त्यात सापडते.

उत्रेख्त सपाट आहे आणि तेथे आषाढातील पाऊस नाही, ही हरकत कोणी घेईल, आणि ती खोटी नाही. पण डोंबिवलीही काही डोंगरावर नाही. तीन किलोमीटरचे अंतर सायकलीस फार नव्हे; फार आहे ते रस्त्यावरचे भय. आणि खरी गोष्ट अशी की ज्या दिवशी रात्री नऊ वाजता स्थानकाबाहेर दर दहा मिनिटांनी बस उभी दिसेल, त्या दिवशी निम्म्या दुचाकी आपण होऊन घरी राहतील. गाडी लावण्याचा प्रश्न सकाळी दिसतो, पण तो सुटावयाचा तर रात्रीच्या बसपासून सुरुवात करावी लागेल. वाहनतळाच्या नव्या मजल्याचे भूमिपूजन होते, छायाचित्र येते. नऊच्या बसचे भूमिपूजन करता येत नाही, हीच कदाचित तिची अडचण असावी.

बस येईपर्यंत मात्र एक लहानसे काम करण्यासारखे आहे. प्रत्येक तळाच्या दाराशी, दिव्याखाली, चाळीस-पन्नास गाड्यांची एक रांग सकाळी भरू न देता दुपारच्या पाळीसाठी राखून ठेवावी. तीत बारा वाजता येणाऱ्या परिचारिकेस, रात्रपाळीच्या तारयंत्र्यास, उशिरा सुटणाऱ्या हॉटेलातील कामगारास जागा मिळावी. त्यासाठी नवे बांधकाम लागत नाही आणि निविदेत एकच ओळ वाढवावी लागते. रांगेस एक दोर बांधावा लागेल, आणि तो दोर दुपारपर्यंत सोडू न देणारा एक माणूस लागेल. कोणाची गाडी किती वाजता निघते हे ज्याच्या डोक्यात आहे, तो माणूस त्या तळावर आधीच कामास आहे.